शोरूमच्या सर्व्हिसिंगचं बिल फुगतंय? 'करा' म्हणण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा

गाडी शोरूमला सर्व्हिसिंगला टाकली की तास-दोन तासांत फोन येतोच. "साहेब, इंजिन फ्लशिंग करून घेऊ का? एसी क्लीनिंग, खालून कोटिंग पण करायला पाहिजे." आपण बाजारात नाहीतर शेतात असतो, 'करा' म्हणून मोकळे होतो. संध्याकाळी बिल हातात पडतं तेव्हा खताच्या पैशाला कात्री लागलेली असते. यातलं गरजेचं काय आणि वाढवलेलं काय, हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

पुस्तकात आहे ते करायचंच

नव्या गाडीबरोबर कंपनी एक पुस्तक देते. त्यात किती किलोमीटरला कोणतं काम, याचा तक्ता असतो. बऱ्याच गाड्यांना 10 हजार किलोमीटर किंवा 1 वर्ष, यातलं जे आधी होईल ते धरतात. गाडी वर्षाला 4 हजारच फिरली तरी वर्ष झालं की ऑइल बदलावं लागतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक, कूलंट ही कामं टाळून पैसे वाचत नाहीत, नंतर इंजिनाचं काम निघतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ते जुनं झालं की घाटात उतरताना ब्रेक तापून दगा देऊ शकतो.

आपल्या रस्त्यांसाठी वेगळी ओळ

त्याच तक्त्याजवळ धुळीच्या, खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी सूचना असते. ती बहुतेक जण वाचत नाहीत. शिवाररस्त्याची धूळ आणि ऊसतोडीच्या दिवसांतला फुफाटा यामुळं एअर फिल्टर लवकर भरतो. म्हणजे आपल्याकडं काही कामं लवकर करावी लागतात. डिझेल गाडी असेल तर डिझेल फिल्टरमधलं पाणीही वेळेवर काढून घ्यावं.

पुस्तकात नाही ते विचारून

इंजिन फ्लशिंग, इंजिन कोटिंग, एसीचा सुगंधी फवारा, पॉलिश ही कामं सहसा तक्त्यात नसतात. ॲडव्हायझरला सरळ विचारा, "हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" पान दाखवता आलं नाही तर आत्ता नको म्हणा. अलाइनमेंटचं तसं नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडूनच झिजत असेल तर ते करून घ्या. ब्रेक पॅड बदला म्हणाले तर किती मिलिमीटर शिल्लक आहेत ते विचारा, फोटो मागवा.

वॉरंटीची भीती

जादा कामाला नाही म्हटलं म्हणून वॉरंटी जाते, असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. वॉरंटी आहे तोवर पुस्तकातली कामं अधिकृत ठिकाणी वेळेवर करा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. वॉरंटी संपल्यावर ओळखीच्या चांगल्या मेकॅनिककडं जायला हरकत नाही, फक्त ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं घाला. बीएस-6 डिझेल गाडीत तर हे फार महत्त्वाचं. चुकीच्या ऑइलमुळं सायलेन्सरच्या लाइनमधला डीपीएफ फिल्टर चोक होतो आणि तो बदलणं फार महागात पडतं.

गाडी टाकताना एवढं करा

1. जॉब कार्डवर कामं लिहून घ्या. 'विचारल्याशिवाय जादा काम करू नये' अशी ओळ टाकायला लावा.
2. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं एस्टिमेट व्हॉट्सॲपवर मागवा. मजुरीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच हिशोब करा. फ्री सर्व्हिसमध्ये सहसा मजुरीच फ्री असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावे लागतात.
3. बदललेले जुने पार्ट दाखवायला सांगा.
4. न विचारता केलेलं काम बिलात दिसलं तर पैसे भरण्याआधी मॅनेजरला भेटा. तिथं दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करता येते. त्यावेळी जॉब कार्ड आणि बिल दोन्ही हाताशी ठेवा.