घड्याळाशीं सामना

बुद्धिबळ म्हटलें कीं दोन वृद्ध गृहस्थ हनुवटीला हात लावून तासचे तास पटाकडे पाहत बसले आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें आतां पालटलें आहे. आंतरजालावर प्रतिदिनीं लक्षावधि डाव खेळले जातात व त्यांतील पुष्कळसे दहा मिनिटांच्या आंत निकालांत निघतात. कोठें प्रत्येकास तीन मिनिटें व दर खेळीमागें दोन सेकंदांची भर. तर कोठें अवघें एक मिनिट! अशा घाईंत नवशिका चुकतो यांत नवल नाहीं. परंतु पटावर मुरलेला खेळाडू जेव्हां आपल्याहून कच्च्या गड्याकडून घड्याळावर हरतो, आणि महिनोन्‌महिने खेळूनहि त्याचा गुणांक तसूभर वर सरकत नाहीं, तेव्हां तो बुचकळ्यांत पडतो. त्याचें ज्ञान तर कमी नाहीं. मग उणें कोठें पडतें?

याचा उलगडा मानसशास्त्रानें केला आहे. डी ग्रूट या डच पंडितानें १९४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, आणि पुढें १९७३ सालीं चेस व सायमन या अमेरिकन संशोधकांनीं, खेळाडूंच्या स्मरणाची परीक्षा पाहिली. खऱ्या डावांतील स्थिति कांहीं सेकंदच दाखविली, तरी निष्णात खेळाडू बहुतांश मोहरीं जागच्या जागीं मांडतो. पण तींच मोहरीं पटावर वाटेल तशीं विखरून ठेवलीं, कीं त्याची ती मातब्बरी लोपते. याचा अर्थ असा, कीं निष्णाताला सुटीं मोहरीं दिसत नाहींत. ओळखीच्या जुळण्या दिसतात. शीघ्र खेळांत विचाराला अवसर थोडा, म्हणून सारी भिस्त या ओळखीवर असते. ज्याची ओळख जितकी पक्की, त्याचें घड्याळ तितकें सावकाश चालतें.

म्हणून पहिला उपाय असा, कीं डावाचा आरंभ मोजक्याच, पण पूर्ण परिचयाच्या पद्धतींनीं करावा. दहा पद्धती अर्धवट ठाऊक असण्यापेक्षां पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन मुरवून घेणें हितावह. आरंभींच्या बारा खेळींत वेळ गेला नाहीं, तर तो पुढें कामास येतो.

दुसरें, वेळेचा हिशेब. तीन मिनिटें व दर खेळीस दोन सेकंद या बोलीवर साठ खेळींचा डाव झाला, तर एकूण ३०० सेकंद हातीं येतात. म्हणजे खेळीस सरासरी पांच. एका खेळीवर चाळीस सेकंद खर्चिले, तर आठ खेळींचें भांडवल उडालें ! कसलेल्या खेळाडूची खोड नेमकी हीच. तो सर्वोत्तम खेळी शोधीत बसतो, आणि प्रतिपक्षी बरीशी खेळी करून मोकळा होतो. डाव फिरण्याचे प्रसंग दोन-तीनच असतात : वजिरांची मारामारी व्हावयाची असते, राजावर हल्ला चढवावयाचा असतो, किंवा केवळ प्याद्यांचा अंतिम डाव उरणार असतो. तेथें थांबावें; अन्यत्र हात चालता ठेवावा.

तिसरें, अंतिम डाव पाठ असावेत. हत्ती व प्यादें विरुद्ध एकटा हत्ती, अशी स्थिति वारंवार येते. प्याद्याच्या वाटेंत आपला राजा उभा असेल, तर प्रतिपक्षाचें प्यादें त्याच्या सहाव्या ओळींत येईपर्यंत आपला हत्ती त्या ओळीवर रोखून धरावयाचा. प्यादें तेथें येतांच हत्तीनें दूर मागें जाऊन राजाला शहावर शह द्यावयाचे. डाव बरोबरींत सुटतो. फ्रेंच खेळाडू फिलिदोर याची ही युक्ति ज्याच्या बोटांत आहे, त्याला दहा सेकंदहि पुरतात.

आंतरजालाची आणखी एक खुबी म्हणजे पूर्वखेळी. प्रतिपक्षाची खेळी होण्याआधींच आपली नोंदवून ठेवतां येते. मोहरें मारल्यास उलट मारणें अटळ असेल, तेथें ही सोय अमोल. परंतु प्रतिपक्ष्यानें भलतेंच कांहीं केलें, तर वजीर फुकट जावयास वेळ लागत नाहीं.

सर्वांत अवघड शिस्त मनाची. डाव हरला, कीं भरपाईसाठीं दुसरा, मग तिसरा. अशा रीतीनें रात्र सरते आणि गुणांकाबरोबर झोंपहि जाते. लागोपाठ दोन हरले, कीं उठावें, हा नियम पाळावा. दुसरे दिवशीं शांतपणें ते डाव उलगडावेत, कोणत्या खेळीवर वेळ गेला हें आधीं स्वतः पाहावें, आणि मगच संगणकाचें मत घ्यावें.

झटपट खेळानें विचार उथळ होतो, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाहीं. तथापि १९७० सालीं हेर्सेग नोवी येथील शीघ्र स्पर्धेंत बॉबी फिशर यानें २२ डावांत १९ गुण मिळविले, ते वर्षानुवर्षांच्या सखोल अभ्यासाच्या जोरावर. २०२५ च्या जुलैंत बाटुमी येथें महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत नागपूरची दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांचे दीर्घ डाव बरोबरींत सुटले, आणि निर्णय जलद डावांवर आला. त्या घाईंत हंपीसारखी मुरब्बी खेळाडूहि चुकली. दिव्यानें ती संधि हेरली आणि विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर हा किताबहि पटकाविला.

तेव्हां ज्याला वेग हवा, त्यानें आठवड्यांतून एखादा तरी दीर्घ डाव लांकडी पटावर, सावकाश खेळावा. मिनिटांत खर्चावयाची पुंजी तेथेंच जमते.