मजला चढवण्याआधी

शहराच्या कडेला वाढलेल्या वस्तीत प्राथमिक शाळेचा विस्तार निघाला की रहिवाशांच्या हरकतीही निघतात. या हरकतींत तथ्य किती, कायदा काय सांगतो आणि वाट कशी निघते, ते हर्सूलच्या निमित्ताने पाहू.

हर्सूल म्हटले की तलाव, हर्सिद्धी मातेचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह आठवते. 1982 मध्ये औरंगाबाद महापालिका झाली तेव्हा आसपासची अठरा खेडी शहरात आली. त्यांत हर्सूलही होते. पुढे जळगाव रोडच्या दोन्ही अंगांना शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, घरे उठली, लेकरांची संख्या वाढली. शाळेच्या खोल्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. अशा वस्तीत शाळेला चार खोल्या जोडायचा किंवा वर मजला चढवायचा विषय निघतो, तेव्हा लोक विचारतात: रिक्षा कुठे उभ्या करणार? पाणी कुठून आणणार? मैदान गेले तर पोरांनी खेळायचे कुठे? असे विचारणाऱ्यांना शाळेचे विरोधक ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे.

खोल्या का लागतात?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पहिली ते पाचवीसाठी साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली, हा कायद्याचा निकष. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंत, अशी जुनी घडी होती. कायद्याने पाचवीही प्राथमिकमध्ये आणली. म्हणजे आणखी एक खोली आली. त्यात 8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायचे ठरले. चिमुकल्यांच्या झोपेसाठी हा निर्णय चांगलाच आहे. पण सकाळी सातला एक पाळी आणि दुपारी बाराला दुसरी, अशी एकाच इमारतीत दोन शाळांची सोय लावणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

विस्तार झालाच नाही, तर पटाबाहेर राहिलेले मूल लांबच्या शाळेत जाणार. हर्सूलमध्ये त्याचा अर्थ अनेक घरांसाठी जळगाव रोड ओलांडणे असा होतो. सिल्लोडकडचे ट्रक, एसटी आणि अजिंठ्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या चुकवत सहा वर्षांच्या मुलाने रोज जावे, हे कुणालाच मान्य होणार नाही. म्हणून शाळा वाढायलाच हवी.

हरकती खऱ्या आहेत

पहिली हरकत रस्त्याची. गुंठेवारीत प्लॉट पाडताना रस्त्याला जेमतेम जागा सुटली. शाळेला आणि मैदानाला बहुतेक ठिकाणी सुटलीच नाही. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. घर कागदावर आले, पण गल्ली होती तेवढीच राहिली. शाळा सुटते तेव्हा अशा गल्लीत काय होते ते बघा. फाटकाला तोंड लावून तीन-चार रिक्षा, त्यांच्या बाहेर लोंबणारी दप्तरे, मागे दुचाकीवरचे पालक, समोरून सिलिंडरची गाडी. त्याच वेळी कुणाच्या घरी रुग्णवाहिका आली तर ती अडकणार. मुले दीडपट झाली की ही कोंडीही तेवढीच वाढणार.

दुसरी हरकत पाण्याची. दिवसा भरणाऱ्या शाळेसाठी माणशी रोज 45 लिटर पाणी, हे बांधकाम संहितेतले प्रमाण. 300 मुले वाढली तर रोज 13,500 लिटर पाणी वाढीव लागेल. या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. पाच दिवसांची बेगमी करायची तर साडेसदुसष्ट हजार लिटरची जादा टाकी हवी. ती नकाशात नसेल तर आधी स्वच्छतागृहे बंद पडतात आणि त्याची झळ सर्वांत आधी मुलींना बसते.

तिसरी हरकत इमारतीची. 25 जुलै 2025 ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेच्या आगीत 94 मुलांचा बळी गेला. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेबाबत देशभरासाठी निर्देश दिले. जुन्या भिंतींवर नवा मजला चढवताना ‘पाया पेलेल का?’ असे विचारणाऱ्या आजोबांना गप्प बसवता कामा नये.

चौथी हरकत मैदानाची. खेळाचे मैदान हा शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांचाच भाग आहे. जागा विकास आराखड्यात मैदान म्हणून आरक्षित असेल, तर ते आरक्षण 1966 च्या नगररचना कायद्यातील कलम 37 नुसार नोटीस आणि हरकती-सूचना घेऊन, शासनाच्या मंजुरीनेच बदलता येते.

हरकतीची अट करा

या चारही प्रश्नांवर उत्तरे आहेत. ती बांधकाम सुरू होण्याआधी कागदावर यायला हवीत. त्यासाठी शिक्षण हक्क कायद्यानेच जागा ठेवली आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते; तिच्यात किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. अडचण एवढीच की शेजारी राहणाऱ्या, पण शाळेत मूल नसलेल्या माणसाला तिथे खुर्ची नाही. महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते, त्यामुळे गाऱ्हाणे नेण्यासाठी नगरसेवकही नव्हता. म्हणून विस्ताराचा नकाशा ठरण्याआधी समितीने गल्लीतल्या रहिवाशांना बोलावून ऐकलेच पाहिजे.

मग अटी घालाव्यात. इमारतीच्या मजबुतीचा तपासणी अहवाल फलकावर लागावा. दोन जिने असावेत, पहिली-दुसरीचे वर्ग तळमजल्यावरच भरावेत. टाकी आणि स्वच्छतागृहे खोल्यांच्या आधी पूर्ण व्हावीत. वर्ग पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने सुटावेत, रिक्षांचा थांबा फाटकापासून दूर असावा. 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. ही जबाबदारी तिच्यावर द्यावी. बांधकामाची धूळ-खडखड उन्हाळी सुटीतच उरकावी.

शाळा गावाने आपली मानली की काय घडते, ते शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने दाखवले. गावकऱ्यांच्या सहभागातून ती उभी राहिली आणि बाहेरगावचे पालक प्रवेशासाठी रांग लावू लागले. चांगल्या शाळेकडे गर्दी येणारच. तिची तयारी आधीपासून हवी.

हर्सूलकरांनी, आणि अशा प्रत्येक वस्तीतल्या रहिवाशांनी, शाळेचा विस्तार अडवू नये आणि हरकतही गिळू नये. ती लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. शाळेत शिकणारी मुले आणि गल्लीत राहणारी माणसे एकाच वस्तीची आहेत. दोघांचा विचार करूनच मजला चढवा.