चमचा, मेणबत्ती आणि न बोलणारी गाळणी

तव्यावर अंडं फोडताना पाहिलंय ना? त्यातला पाण्यासारखा नितळ भाग बघता बघता पांढराशुभ्र होतो. आता चला १८२७ सालच्या लंडनमध्ये. गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायचे. काहींची लघवी तापली की अंड्यासारखीच गोठायची! शी म्हणू नका हं. त्या चमच्यानंच ओळखलं, की यांची मूत्रपिंडं बिघडलीत.

गोठायचं ते अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख इवल्या इवल्या गाळण्या असतात. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो ना, तसं या गाळण्या अल्ब्युमिनला रक्तातच अडवतात.

काही मुलांना टाईप १ मधुमेह असतो. ती रोज इन्सुलिन घेतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, तर या गाळण्यांना इजा होते आणि अल्ब्युमिन झिरपू लागतं. पंचाईत अशी, की तेव्हा काही दुखत नाही, खुपत नाही. मूल मजेत खेळत असतं. आणि झिरपतं तेही इतकं थोडं, की ब्राइटांच्या चमच्याला पत्ताच लागला नसता!

मग १९६३ साली त्याच गाय्ज हॉस्पिटलमध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं इतकंसं अल्ब्युमिनही मोजायची रीत शोधली.

आता मधुमेह होऊन काही वर्षं झाली आणि मूल १०-११ वर्षांचं झालं, की दर वर्षी ही तपासणी करतात. सुई नाही, काही नाही! सकाळची पहिली लघवी छोट्या बाटलीत द्यायची, बस्स. पहिलीच का? खूप धावपळ केली की अल्ब्युमिन तात्पुरतं वाढू शकतं. रात्रभराच्या झोपेनंतर खरा आकडा कळतो. तापातही तो फसवतो. म्हणून एकदा जास्त आला, तर डॉक्टर पुन्हा तपासून बघतात.

आणि खरंच झिरपत असेल तर? बरं झालं, वेळेत कळलं! साखर आटोक्यात ठेवून आणि गरज पडली तर औषध घेऊन नुकसान थोपवता येतं. कित्येक मुलांचा आकडा पुन्हा खालीही येतो.

तुम्हालाच मधुमेह असेल, तर पुढच्या खेपेला न लाजता विचारा, "डॉक्टरकाका, माझी या वर्षीची लघवीची तपासणी झाली का?" गाळण्यांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीनं तुम्हीच बोला!