वराहपालन : अस्वच्छ गोठ्यात खाद्य जाते कुठे?

वाढीच्या वयातील डुकराने खाल्लेल्या सगळ्या खाद्याचे मांस होत नाही. श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान राखणे यासाठी साधारण एक तृतीयांश ऊर्जा खर्च होते. याला शरीर निर्वाहाचा खर्च म्हणतात. उरलेल्या ऊर्जेतून मांस आणि चरबी तयार होते. निर्वाहाचा खर्च वाढला, की वजनवाढ घटते.

अस्वच्छतेचा परिणाम

साचलेली विष्ठा, ओल आणि अमोनियाचा उग्र वास यांमुळे डुकराची रोगप्रतिकारक यंत्रणा सतत कामाला लागते. जनावर आजारी दिसत नाही. पण भूक मंदावते, ताप आल्यास ऊर्जेचा खर्च वाढतो आणि स्नायू बनवणारी अमिनो आम्ले प्रतिकारासाठी वापरली जातात. अशा वेळी केवळ खाद्य वाढवून उपयोग होत नाही.

आनुवंशिकतेचा परिणाम

फ्रान्समधील ‘इन्रा’ या संशोधन संस्थेने लार्ज व्हाइट जातीत निवड पद्धतीने दोन वंश तयार केले. तेवढ्याच वाढीसाठी एकाला अपेक्षेपेक्षा कमी, तर दुसऱ्याला जास्त खाद्य लागते. कमी खाणाऱ्या वंशाचा निर्वाहाचा खर्च कमी असतो. मग रोगाशी लढायला त्याच्याकडे ऊर्जा कमी पडेल का, अशी शंका होती. त्यासाठी दोन्ही वंश स्वच्छ आणि न धुतलेल्या गोठ्यांत ठेवून पाहिले. अस्वच्छ गोठ्यात दोन्हींची वाढ घटली. मात्र जास्त फटका जास्त खाणाऱ्या वंशाला बसला. म्हणजेच जात काटक निघाली, तरी अस्वच्छतेचे नुकसान पूर्ण टळत नाही. आपल्याकडील लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही हीच जात असल्याने पशुपालकांनी याची नोंद घ्यावी.

नुकसानीचा हिशेब

उदाहरणार्थ, ३० ते ९० किलो वजनाच्या काळात एक किलो वजनवाढीसाठी ३ ऐवजी ३.३ किलो खाद्य लागले, तर एका डुकरामागे १८ किलो आणि २० डुकरांमागे ३६० किलो खाद्य जादा जाते.

व्यवस्थापन

- एका वयाची पिल्ले एकत्र आणावीत आणि एकत्रच विकावीत. जुन्या गटात नवीन पिल्ले मिसळू नयेत.
- गट विकल्यानंतर विष्ठा खरवडून काढावी, साबणाच्या पाण्याने गोठा धुवावा, पूर्ण वाळवावा आणि मगच जंतुनाशक फवारावे. विष्ठेच्या थरावर जंतुनाशक नीट काम करत नाही.
- नवीन गट आणण्यापूर्वी गोठा किमान ५ ते ७ दिवस रिकामा ठेवावा.
- डोळे चुरचुरत असतील, तर वायुवीजन वाढवावे.
- निवडीसाठी नर, मादी घेताना आई-वडिलांच्या खाद्य वापराच्या आणि वजनवाढीच्या नोंदी पाहाव्यात.
- दर १५ दिवसांनी वजन आणि खाद्याची नोंद ठेवावी. खाद्य वापर बिघडल्यास आधी गोठा तपासावा आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. खाद्य बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.