भिंतीआडचा जमाखर्च

धुळ्याचे आमचे जुने घर धाब्याचे. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती. वैशाखात पारा 45 अंशांकडे सरकू लागला, की माजघरात माठाजवळ बसल्यासारखे वाटते. वडिलांना त्या भिंतींचा फार अभिमान. पण ऊन अडवणाऱ्या भिंती आणखीही काही अडवतील, हे त्यांना कोठून ठाऊक असणार!

आई त्याच माजघरात असते. वय 84. मी नोकरीनिमित्त जळगावात. रात्री साडेआठला मोबाईलवर एकमेकांचे तोंड पाहायचे, हा आमचा नेम. पण चित्र थिजायचे आणि आईचे ठरलेले वाक्य यायचे, "तुना आवाज येत नही रे, भाऊ." गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री तिला धाप लागली. डॉक्टरांना फोन लावायला बहिणीला भर पावसात अंगणात धावावे लागले. तेव्हा गंमत संपली.

एका दुकानदाराने महागाचा राऊटर गळ्यात बांधला. फरक शून्य! दिवाळीत इंजिनिअरिंग शिकणारी भाची आली, तेव्हा कारण कळले. "मामा, राऊटर कितीही ओरडला, तरी मोबाईलने उत्तर द्यायचे ते आपल्या बारीक आवाजातच ना? आधी हिशेब मांडू."

कापसाच्या पेढीवरच्या रोजकीर्दीसारखा तिचा कागद. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. जमेस राऊटरची शक्ती 100 मिलिवॅट, म्हणजे डेसिबलच्या भाषेत 20. अँटेनाचे 2. एकूण 22. डेसिबलची खुबी अशी, की 10 उतरले की शक्तीचा दहावा हिस्सा उरतो, 3 उतरले की निम्मा. गुणाकार-भागाकाराचे काम बेरीज-वजाबाकीवर भागते. मराठीच्या मास्तरालाही जमावे!

आता नावे. लहर चहूकडे पसरत जाते, म्हणून पहिल्याच मीटरला 40 खर्ची पडतात. पुढे अंतर दुप्पट झाले की आणखी 6. ओसरीपासून आईची खाट 8 मीटर, म्हणजे 58. वाटेत जाड भिंती दोन. प्रत्येकीचे अंदाजाने 15. बाकी उणे 66. घाबरू नका, उणे 70 म्हणजे मिलिवॅटचा एक कोटीवा भाग, आणि तेवढ्यावरही चित्र सहसा सुरळीत चालते.

खाटेपाशी मोबाईलने मात्र दाखवले उणे 85. मधले 19 कोणी खाल्ले?

भाची घरभर हिंडली आणि आईच्या लोखंडी कपाटापुढे थांबली. भिंतीला टेकलेले, नेमके वाटेत. लोखंड लहरींना पार जाऊ देत नाही, परतवून लावते. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्यात भिंतींपलीकडची घंटा बिनतारी वाजवून दाखवली होती. पण त्यांच्या वाटेत आमच्या आईचे कपाट नव्हते.

कपाट हलवायला आईने साफ नकार दिला. मग राऊटरच हलवला. बारा मीटर तार आणून तो मधल्या खोलीत, कपाटाच्या वाटेबाहेर टांगला. आता अंतर 4 मीटर, भिंत एकच. कागद म्हणाला उणे 45, मोबाईल म्हणाला उणे 51. वायफायवरून साधा फोन लावायची सोय मोबाईलमध्ये होतीच; तीही भाचीने चालू करून दिली.

हल्ली साडेआठला आईची तक्रार निराळी असते. मी वाळलो आहे, हे तिला आता स्पष्ट दिसते.