लिनक्सचा पहारा – लेखांक ६ : लॉग वाचायचा की पॉलिसी?

गेल्या आठवड्यात एसईलिनक्सचा गाभा पाहिला. प्रत्येक प्रोसेसला एक लेबल, प्रत्येक फाइलला एक लेबल, आणि कोणत्या लेबलनं कोणत्या लेबलचं काय करायचं याचे नियम, म्हणजेच पॉलिसी. लिहून दिलेलं नसेल ते सगळं बंद. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तवार्ता संस्थेनं डिसेंबर २००० मध्ये हे काम सर्वांसाठी खुलं केलं, २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं, आणि अँड्रॉइड ५.० पासून फोनमध्येही ते पूर्णपणे लागू झालं. तत्त्व असं चार ओळींत सांगून होतं. पण फेडोरा या लिनक्स वितरणासोबत येणारी पॉलिसी उघडली, की हजारो प्रकारची लेबलं आणि त्यांच्यातले दहा-दहा हजारांनी मोजावे लागणारे नियम समोर येतात. एवढं डोळ्यांनी वाचणं कुणालाच शक्य नाही. मग बहुतेक जण लॉग वाचतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या नेहमीच्या अनुभवातलं उदाहरण घेऊ. वेबसाइटचं एक पान कुणीतरी आपल्या होम डिरेक्टरीत तयार केलं आणि ‘एमव्ही’ कमांडनं वेबसर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवलं. फाइल जागेवर आहे, नेहमीच्या युनिक्स परवानग्याही बरोबर आहेत, तरी ब्राउझर ४०३ दाखवतो. हलवलेली फाइल आपलं जुनं लेबल सोबत घेऊन आलेली असते. कॉपी केली असती, तर नव्या डिरेक्टरीला साजेसं लेबल तिला मिळालं असतं. ऑडिट लॉगमध्ये नोंद पडते : नकार, मागणारा ‘एचटीटीपीडी_टी’, वस्तू ‘यूझर_होम_टी’, वर्ग फाइल. वेळ तर १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहिलेली! माणसासाठी ही ओळ लिहिलेलीच नाही.

सेटट्रबलशूट नावाचं साधन ही ओळ खिडकीत साध्या वाक्यात मांडतं आणि ‘लेबल पूर्ववत करा, रिस्टोअरकॉन चालवा’ असा योग्य सल्लाही देतं. पण घाईतला माणूस ‘ऑडिट२अलाऊ’कडे वळतो, कारण ते नकारातून थेट परवानगीचा नियम बनवून देतं. पान दिसायला लागतं आणि विषय मिटतो. पण त्या नियमात पानाचं नाव कुठेच नसतं, नुसती लेबलं असतात. एका पानासाठी घातलेल्या नियमामुळे होम डिरेक्टऱ्यांमधल्या त्याच लेबलच्या प्रत्येक फाइलपुढचा एसईलिनक्सचा अडसर निघून जातो.

ट्रेसिस टेक्नॉलॉजी या कंपनीनं बनवलेल्या एसईटूल्स या पॉलिसी तपासण्याच्या साधनांच्या संचाचं महत्त्व इथे कळतं. त्यातलं ‘सीऑडिट’ लॉगच्या ओळी तक्त्यात मांडायचं, गाळणी लावू द्यायचं, आणि पॉलिसीही सोबत उघडली तर एखाद्या नकारावरून थेट संबंधित नियम शोधू द्यायचं. लॉग आणि पॉलिसी एकाच खिडकीत! एसईटूल्सची चौथी आवृत्ती पायथनमध्ये नव्यानं लिहिली गेली, तेव्हा ‘सीऑडिट’ वगळलं गेलं. मला ही गोष्ट अजून खटकते.

त्याच संचातलं ‘एपोल’ मात्र टिकलं. ते लॉगकडे बघतच नाही, फक्त पॉलिसीला प्रश्न विचारतं. लॉगमध्ये मुळात नकारच उमटतात. दिलेल्या परवानग्या कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय नोंदल्या जात नाहीत. त्यातही ‘डोन्टऑडिट’ नियमांनी काही नकार आधीच गप्प केलेले असतात. दारात अडवलेल्यांची यादी कितीही बारकाईनं वाचली, तरी घरात कोण शिरलंय ते कळत नाही.

एपोलमधली दोन विश्लेषणं खरी कामाची आहेत. पहिलं, डोमेन बदलाचं. एक प्रोसेस दुसऱ्या डोमेनमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या दुसऱ्या लेबलमध्ये, जाण्यासाठी किमान तीन परवानग्या जुळाव्या लागतात : बदलाची, ती फाइल चालवण्याची, आणि त्या फाइलमधून नव्या डोमेनमध्ये प्रवेशाची. हे तीन नियम पॉलिसीत तीन ठिकाणी विखुरलेले असतात. एपोल ते एकत्र आणून दाखवतं.

दुसरं विश्लेषण माहितीच्या प्रवाहाचं. अ थेट क पर्यंत पोहोचत नाही. पण अ जिथे लिहितो तिथून ब वाचतो, आणि ब क मध्ये लिहितो. प्रत्येक परवानगी वाचनाची की लेखनाची हे ठरवून तिला १ ते १० वजन दिलेलं असतं आणि त्यावरून वाटा शोधल्या जातात. पहिल्यांदा चालवलं की जवळजवळ सगळीकडून सगळीकडे वाट निघते, आणि हताश व्हायला होतं. मग कमी वजनाच्या वाटा गाळायच्या, कर्नलसारखी सर्वत्र हात पोचणारी लेबलं बाजूला ठेवायची, पुन्हा चालवायचं. काय गाळायचं हे ठरवणं माणसाचंच काम, आणि चूक होते ती बहुधा तिथेच.

आता ‘ऑडिट२अलाऊ’नं बनवलेला आपला तो नियम घेऊ. जुनी आणि नवी पॉलिसी संचातल्याच ‘सेडिफ’ला दिली, तर तो नेमका तेवढाच फरक दाखवेल : वाढलेला एक नियम. निरुपद्रवी वाटावा इतका छोटा. पण एपोलमध्ये ‘यूझर_होम_टी’पासून निघणारे प्रवाह मागितले, तर यादीत आता वेबसर्व्हर दिसेल, आणि त्याला नेटवर्कवर उत्तरं पाठवायची परवानगी आधीपासूनच आहे.