विरजण सांभाळणारे

वाघोलीत पाण्याच्या टँकरचं कुणाला नवल वाटत नाही. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोसायट्या उभ्या राहिल्या, २०२१ च्या जूनअखेरीस गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी कितीतरी इमारतींच्या टाक्या टँकरवरच भरत आल्या आहेत. टँकर वेळेवर आला की नळाला पाणी येतं. ते कुठल्या विहिरीचं, त्या विहिरीचा गाळ कोण काढतं, हा प्रश्न टँकर चुकल्याशिवाय सुचत नाही. याच सोसायट्यांमधून रोज सकाळी खराडी-मगरपट्ट्याच्या आयटी कंपन्यांकडे निघणाऱ्यांत जावा या भाषेत काम करणारे पुष्कळ असतात. बँकांचे, विम्याचे, तिकीट आरक्षणाचे व्यवहार जगभर ज्या प्रोग्रॅमांवर चालतात, त्यांतले बरेचसे जावात लिहिलेले आहेत. हे कामही टँकरच्या पाण्यासारखंच चालतं. प्रोग्रॅम तयार करायचा म्हणून एक आज्ञा दिली की त्याला लागणारे शेकडो तयार तुकडे इंटरनेटवरून उतरतात आणि काम पुढे सरकतं. ते तुकडे कुणी, कशापासून, कोणत्या अवजारांनी बांधले, हे बघणारी माणसं जगात फार थोडी आहेत. त्यांतली बरीच जण बिनपगारी आहेत आणि त्यांच्या मागे उभं राहणं हे आपलंच काम आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी बांधणी म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅमर जे लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो. संगणकावर चालवण्याआधी त्याचं रूपांतर करावं लागतं. जावात या रूपांतरित फाइली एकत्र बांधून जे गाठोडं होतं त्याला ‘जार’ म्हणतात. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचे जार लागतात, त्यांना तिसऱ्याचे. हे सगळं जुळवून आणणारी अवजारं म्हणजे बिल्ड टूल्स. २००० साली आलेलं अँट, मग मेव्हन, मग ग्रेडल. मेव्हनच्या प्रकल्पात ‘पॉम’ नावाची एक फाइल असते. तिच्यात कुणाचा, कोणता आणि कितव्या आवृत्तीचा जार हवा, हे लिहिलेलं असतं. मेव्हन ती वाचतं आणि ‘मेव्हन सेंट्रल’ या कोठारातून माल आणतं. कोऱ्या मशीनवर तर कोड रूपांतरित करणारा आणि चाचण्या चालवणारा भागसुद्धा तिथूनच उतरतो. हे सोयीचं आहेच, जावा जगभर पसरण्यात या सोयीचा मोठा वाटा आहे. पण आलेली वस्तू तयार गाठोडं असते. तिच्यासोबत दाखवलेल्या सोर्स कोडपासूनच ती बांधली आहे, याची खात्री त्या सोयीत कुठेच मिळत नाही.

लिनक्सच्या वितरणांचा कायदा याच्या उलट आहे. लिनक्स हा गाभा. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम नीट जुळवून, तपासून लोकांना देणारी व्यवस्था म्हणजे वितरण. डेबियन हे १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेलं वितरण आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांवर चालतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजेस आहेत. फेडोरा हे दुसरं मोठं वितरण. त्याच्यामागे रेड हॅट ही कंपनी आहे, पण तिथेही पगाराबाहेर काम करणारे असंख्य. दोन्हीकडचा नियम एकच, आणि कडक: पॅकेज सोर्स कोडपासूनच बांधायचं, आणि बांधताना इंटरनेटला हात लावायचा नाही. जे काही लागेल ते वितरणातच, आधी तशाच रीतीने बांधलेलं असलं पाहिजे. एरवी दोन मिनिटांत होणारं जावाचं काम या नियमामुळे कधी कधी कित्येक आठवडे चालतं.

एक पॅकेज जवळून पाहू. जुन्या जावा प्रकल्पात बहुधा ‘लिब’ नावाचा फोल्डर सापडतो, त्यात आठ-दहा जार ठेवून दिलेले असतात. ज्यांचा सोर्स सोबत नाही असे जार पॅकेज सांभाळणारा मेंटेनर आधी काढून टाकतो. त्याची खूण म्हणून डेबियनमध्ये आवृत्तीच्या आकड्यापुढे ‘डीएफएसजी’ ही अक्षरं जोडायचा प्रघात आहे. काढलेला प्रत्येक जार वितरणात आधीच आहे का, हे मग बघायचं. नसेल तर आधी त्याचं पॅकेज करायचं, आणि त्याला जे लागतं त्याचंही. पॉम फाइलीत नेमक्या आवृत्तीचे आकडे असतात, वितरणात मात्र एका जारची शक्यतो एकच आवृत्ती ठेवतात. म्हणून नियमांची एक छोटी फाइल लिहून त्या आकड्यांच्या जागी नुसता ‘डेबियन’ हा शब्द बसवला जातो: जी आवृत्ती घरात आहे तीच घे, असा त्याचा अर्थ. नवी आवृत्ती चालत नसेल, तर मूळ कोडमध्ये दुरुस्ती करून तिचा पॅच जोडायचा आणि तो मूळ लेखकांनाही पाठवायचा. डेबियनच्या जावा गटाकडे अशी हजारावर पॅकेजेस आहेत, आणि त्यांचा बराचसा भार मोजक्या माणसांवर आहे.

सगळ्यात कठीण भाग मात्र बांधणीच्या अवजारांचाच. दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचं दहीच. मेव्हन बांधायला मेव्हन लागतं, ग्रेडल बांधायला ग्रेडल, आणि जावाची अकरावी आवृत्ती बांधायला साधारणपणे दहावी. ज्या घरात विरजण मोडलं नाही तिथे काही अडत नाही. मोडलं तर शेजारून आणावं लागतं. या कोड्यात ‘शेजारून आणणं’ म्हणजे दुसऱ्याने बांधलेली तयार फाइल विश्वासाने घेणं, आणि नियमाला तेच नको आहे. ग्रेडलचं असंच अडलं. त्याच्या नव्या आवृत्त्यांना कोटलिन ही भाषा लागते. कोटलिनचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम स्वतःच कोटलिनमध्ये लिहिलेला आहे. आणि तो बांधायला पुन्हा ग्रेडल हवं. स्वयंसेवकांनी खटपट करून कोटलिनची १.३ मालिकेतली एक आवृत्ती डेबियनमध्ये आणली, तरी ग्रेडल ४.४.१ पाशीच थांबलं. बाहेरच्या जगात तोवर ग्रेडलची आठवी आवृत्तीही आली होती. जावात लिहिणाऱ्यांचं कित्येक वर्षं आवडतं असलेलं एक्लिप्स हे कोड लिहिण्याचं अवजारही डेबियनच्या दहाव्या आवृत्तीपासून कोठारात उरलं नाही. फेडोरात २०१९ च्या सुमारास मेव्हन आणि अँटची नेहमीची पॅकेजेस वाऱ्यावर पडली, कारण त्यांची देखभाल ‘मोड्यूल’ नावाच्या वेगळ्या व्यवस्थेत हलवली गेली होती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी गट करून शेकड्याने पॅकेजेस आपल्याकडे घेतली. पुढे फेडोराने मोड्यूलची व्यवस्था सोडून दिली. मधल्या काळात घरचं विरजण जिवंत राहिलं ते या लोकांमुळे.

यावर सरळ आक्षेप असा की एवढी उठाठेव कशासाठी? जार सगळीकडे सारखाच चालतो, हाच तर जावाचा गुण. मेव्हन सेंट्रल चोख चालतं. कंपन्या आपला प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बंद केलेल्या डब्यात, भरून पाठवतात, वितरणाच्या पॅकेजांना हातही लावत नाहीत. आक्षेपातलं शेवटचं विधान बरंचसं खरं आहे. पण कंटेनर पोकळीत उभा राहत नाही. त्याच्या तळाशी पुष्कळदा डेबियनच असतं. आणि कोठार चोख आहे यावरून ते कायम तसंच राहीलच असं मानता येत नाही. १५ जानेवारी २०२० ला मेव्हन सेंट्रलने असुरक्षित जुन्या पद्धतीची जोडणी बंद केली. निर्णय योग्यच होता, पण त्या दिवसापासून जुन्या मांडणीचे बिल्ड चुका दाखवून थांबू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेसेंटर हे दुसरं कोठार गुंडाळण्याची घोषणा झाली. अँड्रॉइडच्या असंख्य प्रकल्पांत त्याचं नाव आपोआप लिहिलं जात असे. ते वाचण्यासाठी उघडं ठेवलं गेलं, पण त्यातले जे जार त्यांच्या लेखकांनी दुसरीकडे हलवले नाहीत, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना धावपळ करावी लागली. ज्याचा सोर्स घरात आहे आणि जो घरच्या अवजारांनी बांधता येतो, त्या प्रोग्रॅमला असल्या घोषणेने काही होत नाही.

डिसेंबर २०२१ चं लॉगफोरजे प्रकरण याहून बोलकं आहे. लॉगफोरजे म्हणजे प्रोग्रॅमच्या घडामोडींची नोंद ठेवणारा साधा जार, असंख्य जावा प्रोग्रॅमांमध्ये असणारा. त्यातल्या दोषामुळे परक्याला लांबून त्या मशीनवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० मिळाले. गुगलच्या अभ्यासकांनी मेव्हन सेंट्रल तपासलं तेव्हा पहिल्या मोजणीत ३५ हजारांवर पॅकेजेस या दोषाच्या कक्षेत निघाली, म्हणजे सगळ्या कोठाराच्या ८ टक्क्यांहून जास्त. बहुतेकांनी तर तो जार स्वतः मागितलेलाही नव्हता; मागितलेल्याच्या मागितलेल्यातून, पाच-पाच थर खालून तो आला होता. कंपन्यांमध्ये जारच्या आत जार, त्याच्या आत आणखी जार, असं उघडून शोधणं कित्येक दिवस चाललं. डेबियनमध्ये लॉगफोरजेची ही सदोष मालिका एकाच पॅकेजमध्ये होती आणि ती वापरणारी बाकीची पॅकेजेस त्याच्याकडे बोट दाखवत होती. ११ डिसेंबरला दुरुस्ती निघाली. ज्यांनी ती बसवली त्यांच्या मशीनवर वितरणातल्या, तो जार वापरणाऱ्या सगळ्या जावा प्रोग्रॅमांना ती एकदम लागू झाली. पुढच्या काही दिवसांत आणखी दोष निघाले, त्यांच्या दुरुस्त्याही याच वाटेने आल्या. एरवी किचकट, जुनाट वाटणारी ‘एका जारची एकच आवृत्ती’ ही शिस्त त्या आठवड्यात कामाला आली.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बिनपगारी, अनोळखी माणसांच्या हाती एवढं मोलाचं काम सोपवावं का? २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार उघड केलं. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो त्याच्या मागे लागला. हे पेरणारी व्यक्ती मदतनीस म्हणून आली होती. थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास तिने दोनेक वर्षं काम करून मिळवला होता. स्वयंसेवकांवर भरवसा ठेवू नये, असा निष्कर्ष यातून काढणारे काढतात. मला त्यात दिसतं ते असं: मूळ मेंटेनर एकटा होता, त्याने थकल्याचं उघडपणे सांगितलं होतं, आणि मागे कुणी उभं नव्हतं. शिवाय दोष सापडला तोही सोर्स आणि बांधणी दोन्ही उघड्या होत्या म्हणून. चोरकोडाचा महत्त्वाचा भाग सार्वजनिक सोर्समध्ये नव्हता, प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होता. याला लागूनची फट, म्हणजे सोर्स आणि त्यापासून बांधलेलं गाठोडं यांच्यातली, बुजवण्यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून एकाच सोर्सपासून कुणीही, कुठेही बांधलं तरी अक्षरशः तेच गाठोडं निघावं यासाठी झटणारा गट आहे. जारमध्ये प्रत्येक फाइलीची वेळ नोंदलेली असते, म्हणून तोच कोड दोनदा बांधला तरी दोन जार वेगळे निघतात. या वेळाही हे लोक एकेका पॅकेजमध्ये जुळवत बसतात. अशा लोकांची संख्या वाढवणं, एवढाच या आक्षेपावर मला उपाय दिसतो.

हे सगळं पुण्याला परकं नाही. रेड हॅटचं कार्यालय मगरपट्टा सिटीत आहे. २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आलेल्या लोहित फॉन्टची देखभाल पुण्यातल्याच अभियंत्यांनी वर्षानुवर्षं केली, आणि लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली त्यात त्या कामाचा मोठा हात आहे. फेडोराचं भारतातलं संमेलन नोव्हेंबर २०११ मध्ये शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झालं, जून २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच, एमआयटीत. लिपी आपली होती म्हणून फॉन्टकडे आपलं लक्ष गेलं. जावावर इथल्या हजारो घरांचे हप्ते फिटतात, पण तिच्या अवजारांची देखभाल कुठेतरी होत असते असं आपण धरून चालतो. पैशाची वाट अगदीच बंद नाही. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा सांभाळायला कंपन्या २०१४ पासून वर्गणी देतात आणि त्यातून मेंटेनरांना मोबदला मिळतो. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तरीही निधीने माणसं लगेच तयार होत नाहीत, आणि इथे वाघोलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून मला मोठी आशा आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला काहीतरी नवीन हवं असतं, देखभालीला गुण कसे द्यायचे, असं कुणी विचारेल. मला वाटतं, तपासायला याहून सोपं काम नाही. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत जावाची २१ वी आवृत्ती मुख्य आहे, आणि ती ‘जावा ७’ च्या पातळीवर लिहिलेला कोड घ्यायला नकार देते. निदान आठ सांग, असं एका ओळीत सुनावते. त्या ओळीपाशी अडणारी जुनी पॅकेजेस मेंटेनरांपुढे येतच राहतात. विद्यार्थिनीने त्यांतलं एक उचलायचं. पॉममधला सातचा आठ करायचा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागत नाही, एखादी चाचणी पडते, मग ती का पडली ते दुसऱ्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये शिरून शोधायचं. इंटरनेट तोडून बांधायचं, चाचण्या पास करायच्या, पॅच पाठवायचा. अनुभवी मेंटेनर तो वाचतो, दोन चुका दाखवतो, दुरुस्त झाला की पॅकेज वर चढवतो. प्रत्येक पॅकेजमध्ये बदलांची नोंदवही असते. नव्या नोंदीच्या शेवटच्या ओळीत बदल करणारीचं नाव येतं, पुढे वार, तारीख, वेळ, आणि त्या वेळेला चिकटून भारताच्या घड्याळाची खूण: अधिक ०५३०.